कॅसेटीत न मावलेलं कडवं

वर्ध्यात अजून दोनचार माणसं अशी आहेत, की मी रस्त्यानं जाताना दिसलो तर शेजारच्याला कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, "हाच तो. बोरगाववालीचं गानं यानंच इकलं." पाठीमागे म्हणतात. समोर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण माझं तोंड आणि माझा हात दोन्ही लवकर चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी गाणं विकलं नाही. ते विकायचा मला अधिकारच नव्हता. मी संघाचा अध्यक्ष होतो आणि सौदा माझ्या तोंडून झाला, एवढंच खरं. त्या वेळी सतरंजीवर बसलेले सगळे गाणी रचणारे आणि चोपड्या छापणारे मान डोलवत होते. पुढे गाण्याचं शेवटचं कडवं गेलं, त्या कडव्यातलं एका पोरीचं नाव गेलं, तेव्हा मात्र दोष द्यायला एकटा मी उरलो. ते सगळं कसं झालं ते एकदा लिहून ठेवतो. त्यानं काही होणार नाही, हे मला माहीत आहे.

मी मूळचा कारंज्याकडचा. घरचं पाठबळ काही नव्हतं. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या ढाब्यांवर गाण्यांच्या चोपड्या विकत मी वाढलो. भजनांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, जयंतीच्या गाण्यांच्या, स्वस्त कागदावर छापलेल्या आठ-सोळा पानी चोपड्या. ट्रकवाला पहिल्यांदा कधीच घेत नसे. मग मी खाटेच्या टोकाशी उभा राहून दोन कडवी बेसूरच म्हणायचो आणि थांबायचो. "आगे?" तो विचारी. "आगे किताब में है." बहुतेक वेळा चोपडी खपायची. घासाघीस मी तिथंच शिकलो. समोरच्याला घाई असते आणि आपल्याला नाही, एवढं दिसू द्यायचं, की अर्धा सौदा झालाच. पुढे वर्ध्यात बाजाराच्या मागल्या बोळात छपाईचं एक जुनं ट्रेडल मशीन घेतलं आणि दुसऱ्यांच्या चोपड्या विकणारा मी स्वतः चोपड्या छापू लागलो.

आमच्याकडे गाणं कसं असतं ते आधी सांगायला हवं. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. त्याला आम्ही छाप म्हणायचो. छापेचं कडवं आलं की पेटी थांबते, ढोलकी थांबते, आणि ते कडवं नुसत्या टाळ्यांवर गायचं. तेही एकट्या मंडळानं नाही. ज्याला गाणं येतं त्यानं बसल्या जागेवरून साथ द्यायची. रचणारा तिथं हजर असेल तर लोक त्याच्याकडे तोंड करून गातात. छाप न गाता गाणं सोडणं म्हणजे जेवून हात न धुता उठणं. तसं कोणी करत नसे, आणि कोणी करील असं कोणाच्या मनातही येत नसे.

चोरी व्हायची ती वेगळ्या रीतीनं. गाणं तेच, चाल तीच, पण छापेत नाव दुसरंच घालायचं. आमच्या एका म्हाताऱ्या भजनवाल्याचं भजन नदीपलीकडच्या एका मंडळानं असंच उचललं होतं. एका यात्रेत ते लोक गायला बसले आणि छापेत त्यांनी आपल्या बुवाचं नाव घेतलं, तसा मी गर्दीतून उठलो. म्हातारा माझा सदरा ओढत होता, "राहू दे बाप्पा, राहू दे." मी थेट मांडवात शिरलो आणि त्यांच्या पेटीवर पाय ठेवून उभा राहिलो. म्हटलं, खऱ्या नावानं ते कडवं पुन्हा गा, नाहीतर ही पेटी आज परत घरी जात नाही. आरडाओरडा झाला, एक चपराक मलाही बसली, पण शेवटी ते गायले. लोकांनी म्हाताऱ्याकडे तोंड करून साथ दिली. म्हातारा रडला. त्या दिवसानंतर गाणी रचणारे माझ्या छापखान्याकडे येऊ लागले.

आणीबाणी उठली त्या सुमारास आम्ही संघ काढला. जिल्ह्यातले गाणी रचणारे आणि आम्ही तिघे चोपड्या छापणारे असा तो संघ. अध्यक्ष मी. सचिव सिंदी मेघेच्या शाळेतले एक मास्तर. त्यांना शुद्ध लिहिता येई आणि स्वतःची दोनचार गाणीही होती. नियम थोडे होते. रचणाऱ्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही, छाप जशीच्या तशी ठेवायची, आणि जे मंडळ छाप बदलील त्याला संघातल्या कोणी पुन्हा गाणं द्यायचं नाही. हा शेवटचा नियम फार चालला. नवं गाणं नसलं की मंडळाला जयंतीत कोण विचारतो?

भांडणं तर रोजची. दोघे एकाच धृपदावर हक्क सांगत यायचे, तेव्हा मी दोघांना वेगवेगळं बसवून म्हणायचो, आता याला एक नवं कडवं जोडून दाखवा. खोट्याला ते जमत नसे. मी अध्यक्ष म्हणून गोड कधीच नव्हतो. शिव्या दिल्या, लोकांना छापखान्यातून हाकलून दिलं. पण त्या वर्षांत जिल्ह्यात छाप बदलायची कोणाची हिंमत झाली नाही. हे मास्तरांनी नंतर लिहिलेल्या संघाच्या वृत्तांतात कुठंही सापडणार नाही.

बोरगाव मेघेची बाई त्याच काळात आली. जिनात कापूस निवडायला जाई. छापखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमीच का संघवाले?"

"हो. काय पाहिजे?"

"मले काई नाई पाह्यजे. माहं एक गानं हाय. आमच्या बाया गाते, आता सेवाग्रामाकडच्याही गाऊन राह्यल्या. कोनी म्हनलं, छापून टाक, नाई तं कोनी आपलं म्हनंल."

"म्हणा पाहू."

तिनं पदर सावरला आणि तिथंच उभ्यानं म्हटलं. लेकीला शाळेत घालणाऱ्या आईचं गाणं होतं. लेक रोज एक गोष्ट शिकून येते आणि आई चुलीपाशी बसून तीच तिच्याकडून शिकते, असं कडव्यामागून कडवं. मोठा आवाज नव्हता, पण मी मशीन थांबवलं. छापेच्या कडव्यात 'अमकीची माय सांगे' अशी ओळ होती, आणि त्या अमकीच्या जागी एक लहान मुलीचं नाव होतं.

"हे नाव तुमचं?"

"माह्या पोरीचं."

"कुठं असते?"

"नाई आता." ती म्हणाली. "तापात गेली. पाटीवर नाव लिव्हाले शिकली होती नुकती."

मी म्हटलं, संघाच्या नियमानं छापेत रचणाऱ्याचं नाव असतं, तुमचं घाला. त्यावर ती जे बोलली ते मला तेव्हा अर्धंच कळलं.

"चोपडीवर टाका ना माहं नाव, कुठी टाकाचं थे. गान्यात हेच राहीन. हे पाहा भाऊ, पोरगी होती तवा मले सारा मोहल्ला अमकीची माय म्हने. पोरगी गेली अन् लोकायनं थे म्हननं सोडलं. मले वाईट वाटंल म्हून सोडलं. मंग मले हाक माराले कोनापाशी नावच नाई उरलं. आता गान्यात सारे म्हनते."

बोलण्यात ते नाव ती कधी घेत नसे. एकदा तिनं मला सांगितलं होतं, "थे गायाचं नाव हाय, बोलाचं नाई." म्हणून मीही इथं ते लिहीत नाही.

पुढच्या जयंतीत मी बोरगावला गेलो तेव्हा मांडवात शंभरदीडशे बाया तिच्याकडे तोंड करून, टाळ्या वाजवत तिला त्या नावानं हाक मारताना ऐकल्या. ती मान खाली घालून बसली होती आणि हसत होती. आपण संघ कशासाठी काढला असं मला कोणी विचारलं, तर मी ती संध्याकाळ सांगतो. संघाच्या दुसऱ्या कुठल्या कामानं कोणाला असं मिळालं असेल असं मला वाटत नाही.

ऐंशी साल उलटून गेलं आणि कॅसेटी आल्या. आधी ट्रकांत आल्या, मग पानठेल्यांवर, मग प्रत्येक घरात. चोपड्यांचा खप बसू लागला. जो माणूस दोन कडवी ऐकून "आगे?" विचारायचा तो आता नुसता बटण दाबायचा. एक दिवस नागपूरचा एक कॅसेटवाला शेठ मोटार घेऊन आमच्या बोळात आला. वऱ्हाडातल्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. त्याला बोरगाववालीचं गाणं पाहिजे होतं, आणि सोबत आमच्या संघाची आणखी काही.

मी त्याला बसायला स्टूल दिलं, पाठ टेकता येणार नाही असं. स्वतः छपाईचे शिशाचे खिळे धूत राहिलो. चहा मागवला तो हळू हळू प्यायलो. संघाची मंडळी भिंतीशी सतरंजीवर बसली होती, बाईही होती. शेठ घड्याळ पाहू लागला तेव्हा मी हात पुसले.

पैशाचं काय ठरलं ती गोष्ट इथं नको, ठीक ठरलं. मी भांडलो ते दुसऱ्या गोष्टींसाठी. कॅसेटीच्या कार्डावर प्रत्येक रचणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. शेठ म्हणाला, जागा नाही. मी म्हटलं, मग तुमचा फोटो छोटा करा. सगळे हसले. शेठही हसला आणि कबूल झाला. चोपड्या छापायचा हक्क आमच्याकडेच राहील. कबूल. गाण्यातला एक शब्द बदलायचा नाही, छापेतलं नाव तर मुळीच नाही. यावर मी त्याला तीनदा बोलायला लावलं.

"एक अक्षर भी नहीं बदलेगा," तो म्हणाला. "अध्यक्षजी, आप तो ट्रकवालों से भी कडक निकले."

मी बाईकडे वळलो. "तुमचं काही राहिलं का?"

"पोरीचं नाव बदलू नका, बस. बाकी तुमाले समजते."

"बच्ची का नाम कौन बदलेगा, बाई?" शेठ गळ्याला हात लावून म्हणाला.

मास्तरांनी स्टँप पेपरवर सगळं सुंदर अक्षरात लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. विचारलं, आणखी काही घालायचं आहे का? कोणी काही बोललं नाही. काय बोलणार? आमचा जन्म छाप बदलणारे पकडण्यात गेला होता. आमचा सगळा पहारा त्या एका दारावर. छाप गायचीच नाही असंही कोणी करू शकतं, हे त्या खोलीतल्या एकाही डोक्यात आलं नाही. येईलच कसं? 'जेवून हात धुवावेत' असं लग्नाच्या पत्रिकेत कोणी छापतं का?

कॅसेट आली तेव्हा बोरगावच्या बाया छापखान्यात ऐकायला आल्या. खिळ्यांच्या पेट्या सरकवून मी जागा केली, शेजारच्या घड्याळवाल्याचा टेपरेकॉर्डर आणला. कार्डावर बाईचं नाव होतं, तिला मी ते बोटानं दाखवलं. गाणं लागलं. नागपूरच्या कोणा मुलीचा आवाज, व्हायोलिनं, बासरी. बाया एकमेकींना चिमटे काढत होत्या. एक म्हणाली, "अवो माय, शिनेमातल्यावानी झालं." चौथं कडवं संपलं. आता वाद्यं थांबतील म्हणून बायांनी टाळीसाठी हात उचलले. वाद्यं थांबली नाहीत. उलट चढली, गोल फिरून खाली आली आणि संपली. क्षणभर खरखर झाली आणि लगेच मास्तरांचं शाळेचं गाणं सुरू झालं.

बायांचे हात तसेच वर.

"सरलं का?" बोरगाववाली म्हणाली.

"मांगच्या बाजूनं असंन," दुसरी म्हणाली.

आम्ही कॅसेट उलटली. ती अख्खी बाजू आम्ही ऐकली, प्रत्येक गाण्याच्या शेवटी जरा पुढे सरकून. नव्हतं. संघाच्या सगळ्याच लांब गाण्यांची छाप कापली होती. मास्तरांचं गाणं तेवढं छापेसकट पूर्ण होतं, कारण ते आखूड होतं. शेठला बाजू भरायला एक आखूड गाणं हवं होतं आणि ते कोणी कधी नेऊन दिलं, हे मी मास्तरांना पुढे अनेकदा विचारलं. ते म्हणत, माझ्याकडून मागून नेलं. असेल. बाईचं कडवं कापून मास्तरांना जागा केली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या कॅसेटीत ती दोन गाणी एकापाठोपाठ आहेत, आणि ती ज्याला ऐकायची असतील त्यानं ऐकावीत.

मी दुसऱ्या दिवशी नागपूर गाठलं. शेठनं मला मऊ खुर्ची दिली.

"अध्यक्षजी, गाना लंबा था. और आखिर में था क्या? बस नाम. मतलब तो पहले ही पूरा हो गया."

"तुम्ही शब्द दिला होता."

"एक अक्षर बदला? दिखाओ." त्यानं कार्ड पुढे केलं. "और ये देखो, बाई का नाम. आप ही ने तो छपवाया."

तेच तर. मी भांडून भांडून मिळवलं ते बाईचं स्वतःचं नाव. ते तिला नको होतं, कुठंही टाका म्हणाली होती. मी त्याला समजावून सांगू लागलो, की नाव कार्डावर असणं वेगळं आणि लोकांच्या तोंडात असणं वेगळं. सांगता सांगता त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून माझा हात त्याच्या गळपट्टीला गेला. दुकानातल्या माणसांनी मला रस्त्यावर आणून टाकलं. एका वकिलालाही भेटलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गाणं बाईंचं आहे हे ते नाकारतच नाहीत. नाव दिलंय. मोबदला दिलाय. मग तक्रार नेमकी काय?" त्या बाईला हाक मारायचं लोक आता सोडतील, ही तक्रार कुठल्या कलमात बसते? मी उठून आलो.

आठवड्यात शेठचा निरोप मास्तरांकडे आला: तो माणूस अध्यक्ष आहे तोवर वर्ध्याचं एकही गाणं घेणार नाही.

सिंदी मेघेच्या शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. मी सांगितलं, कोणीही शेठला गाणं द्यायचं नाही. मंडळांवर घातली तशीच यांच्यावर बंदी घालू. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "अध्यक्षांनी जरा शांत डोक्यानं विचार करावा. मंडळांना गाणं आपल्याशिवाय मिळत नव्हतं. शेठला गाणी देणारे पन्नास जण भेटतील."

"पन्नास जणांत बोरगावचं गाणं आहे का?"

"ते तर त्यानं घेतलं ना आधीच," मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

मग तो म्हातारा भजनवाला उठला. ज्याच्यासाठी मी परक्या पेटीवर पाय ठेवला होता तोच. त्याचंही भजन कॅसेटीत होतं, छाप कापून.

"भाऊ, राग नका मानू. तुमचे उपकार हायच. पन माहं भजन मी परवा एसटी स्टँडवर ऐकलं. पानठेल्यावर लागलं होतं. मी तितंच उभा राह्यलो. मी मेल्यावर छाप कोन पाह्यते? भजन तं राहीन."

"कोणाचं भजन राहील?" मी ओरडलो. "कोणाचं आहे हे कोणाला कळणार?"

"मले कळलं ना."

"तुमच्यासाठी मी मार खाल्ला!"

"खाल्ला ना. म्या कवा नाई म्हनलं?" म्हातारा खाली बसला. "पन तुमी तवाही माहं ऐकलं नाई. मी म्हनत होतो, राहू दे."

मास्तर मला म्हणाले, आणि हे वाक्य मी त्यांना कधी माफ करणार नाही, "तुम्ही स्वतः अर्धं गाणं म्हणूनच चोपड्या विकल्या ना ढाब्यांवर? मग शेठनं वेगळं काय केलं?"

सगळे हसले. बाकीचं अर्धं चोपडीत असायचं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि शिवीच बाहेर आली. हात वर करून मतं घेतली. बोरगाववाली बाई खांबाशी बसली होती. तिनं माझ्या बाजूनं हात वर केला नाही आणि त्यांच्याही नाही. संघाचा शिक्का माझ्या खिशात होता तो मी फरशीवर आपटला. मास्तरांनी वाकून उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि खिशात घातला. अध्यक्ष ते झाले.

त्यानंतर संघानं जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. सभासदांना कळवण्यात आलं, की यापुढे गाणी चार कडव्यांची असावीत आणि छाप शक्यतो टाळावी, म्हणजे कापाकापीचा प्रश्नच येणार नाही. ज्या संघाचा जन्म छापेसाठी झाला त्या संघानं. लोकांनी मुकाट तसं लिहायला सुरुवात केली.

मी हरलेला माणूस जे करतो ते केलं. बाईचं गाणं वेगळ्या कागदावर छापलं, शेवटचं कडवं मोठ्या खिळ्यात, आणि जयंतीच्या मिरवणुकीत फुकट वाटलं. लोकांनी घेतलं. कोणी त्यात फुटाणे बांधले, कोणी घडी करून खिशात ठेवलं. पण गाणं आता कागदावरून कोणी शिकतच नव्हतं. कारंज्याच्या ज्या ढाब्यांवर मी वाढलो तिथं चहाला थांबलो, की एखाद्या ट्रकात ते लागलेलं असे. चार कडवी, व्हायोलिनं, खरखर, मास्तर.

काही वर्षांनी बोरगावला मी गेलो ती शेवटची जयंती आठवते. बाईनंच निरोप धाडला होता, पोट्ट्या माहं गानं गाऊन राह्यल्या, येजो. दिवेलागणीला मांडव भरला. बाई बायांच्या पहिल्या रांगेत बसली होती, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून. स्टेजवर तिच्याच मोहल्ल्यातल्या शाळेच्या मुली, एकसारख्या रिबिनी बांधून. पेटीवाल्यानं व्हायोलिनचा तुकडासुद्धा पेटीवर बसवला होता. मुली गोड गायल्या, शब्दही स्पष्ट. चौथं कडवं आलं तशी बाईनं मान वर केली आणि दोन्ही हात मांडीवरून उचलले. तिच्या शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांनीही उचलले.

पेटीनं व्हायोलिनचा तुकडा वाजवला. मुलींनी हात जोडले. टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. "ए पोट्ट्याहो! गाणं सरलं नाही अजून! छाप राहिली!"

पुढची रिबीनवाली मुलगी घाबरली नाही. तिला वाटलं मला माहीत नसावं. "सरलं ना, काकाजी. कॅसेटमंदी एवढंच हाय."

"कॅसेट गेली चुलीत! ही बाई तुमच्यासमोर बसली आहे, तिला विचारा!"

"बसा ना बाप्पा खाली," मागून आवाज आले. "दरसाली याचं हेच." कोणीतरी शिट्टी मारली. मी स्टेजकडे निघालो तेव्हा बाईनं माझा सदरा मागून धरला.

"बसा भाऊ. लेकरं हाय थे."

मी बसलो नाही. मांडवाबाहेर आलो. थोड्या वेळानं तीही आली. मी म्हटलं, चला आत, तुम्ही स्वतः गा शेवटचं कडवं, मी पाहतो कोण अडवतो ते.

"मी गाऊ?" ती म्हणाली. "काऊन गाऊ, भाऊ? माही हाक मीच मारू का मले?"

वाटायला आणलेले कागद माझ्या खिशात होते, ते मी तिच्यापुढे धरले.

"थे कागद वाटता ना तुमी," ती पुढे म्हणाली, "आता नका छापू. पोट्टे रस्त्यावर टाकून देते. पाय पडते त्याच्यावर. राहू द्या तिले आता."

मी म्हटलं, छापणार नाही. तेवढा शब्द मी पाळला आहे. ट्रंकेत एक चोपडी आहे, तिच्यात ते कडवं आहे, पण ट्रंकेतलं गाणं कोणी गात नाही.

ती घराकडे निघाली. आत मांडवात दुसरं गाणं सुरू झालं होतं, तेही कॅसेटीवरचंच. मला तिला थांबवायचं होतं. काय सांगायचं होतं ते आता आठवत नाही, बहुधा काहीच नसेल. तिला ज्या नावानं हाक मारायची ते मला येत होतं, त्या मांडवाबाहेर ते येणारा मी एकटाच होतो. जिभेवर आलंही. पण नुसतं बोलायचं नाव नव्हतं ते, आणि मला गाता येत नाही.

"ओ बाई," मी म्हटलं.

तिनं वळून पाहिलं नाही. बाया तिथं पुष्कळ होत्या.